लहरी टेस्ट : वैज्ञानिक ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये हात घालणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नमपाय, सायपाय, सायकिट-लर्न, ॲस्ट्रोपाय ही पायथनमधली वैज्ञानिक गणिताची पॅकेज, किंवा त्यांच्या आधारावर उभं असलेलं एखादं छोटं पॅकेज, यांना पहिला पॅच (कोडमधला छोटा बदल) पाठवावा, आणि ज्या फाइलला आपण हातही लावला नाही तिथलीच टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लाल, म्हणजे फेल, व्हावी, हा अनुभव बहुतेकांना येतो. त्यानंतर माणसं जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं बहुतेक पायथनच्या जगातली आहेत, कारण माझा हात तिथेच बसला आहे.

मी फक्त डॉक्युमेंटेशनमधला एक शब्द दुरुस्त केला आणि सीआय (प्रत्येक बदलावर सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारी सेवा) लाल झालं. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. पण "बहुधा" म्हणून सोडून देऊ नका, पाच मिनिटं खर्च करा. लॉगमध्ये सगळ्यात खाली न बघता पहिलं अपयश कुठे आहे ते शोधा. खालचे दहा एरर अनेकदा त्या एकाची पिलावळ असतात. मग मुख्य शाखेवरचे शेवटचे चार-पाच रन बघा, आणि इतरांच्या उघड्या पुल रिक्वेस्टवर (मंजुरीची वाट बघणाऱ्या बदलांवर) तीच टेस्ट पडते आहे का तेही बघा. सगळीकडे पडत असेल, तर आदल्या रात्री एखाद्या डिपेन्डन्सीची (आपला कोड ज्यावर अवलंबून आहे अशा पॅकेजची) नवी आवृत्ती आली असणार. फक्त तुमच्याकडेच आणि एकाच जॉबमध्ये पडली असेल, तर लहरी टेस्टचा संशय घ्यायला जागा आहे.

जॉब पुन्हा चालवायला हरकत नाही, पण आधी लॉग जपून ठेवा. काही सीआय सेवांमध्ये रीरन केलं की जुनं अपयश नजरेआड जातं, आणि एकमेव पुरावा हातचा जातो.

लहरी टेस्ट नेमकी कशाला म्हणायचं?

कोड तोच, कमिट (कोडची नोंदवलेली आवृत्ती) तोच, टेस्टही तीच, तरी कधी पास आणि कधी फेल: ती लहरी. विंडोजवर दर वेळी फेल आणि लिनक्सवर दर वेळी पास होणारी टेस्ट लहरी नव्हे, ती प्लॅटफॉर्मवर अवलंबून आहे. काल पास झाली, आज फेल झाली आणि आता कायमच फेल होते आहे, तीही लहरी नव्हे. तिच्यात तारखेचा सुतळी बॉम्ब दडलेला होता. हे तीन प्रकार वेगळे ओळखले की निम्मं निदान झालं, कारण प्रत्येकाची औषधं वेगळी आहेत. लोक तिन्हींना सरसकट "फ्लेकी" म्हणतात आणि मग चुकीचं औषध देतात.

पुन्हा चालवली की हिरवी होते ना? मग एवढा जीव का काढायचा?

एक हिशेब करू. एक टेस्ट हजारात एकदा विनाकारण पडते, असं धरा. क्षुल्लक वाटतं. पण प्रकल्पात अशा हजार टेस्ट असतील, तर सगळ्या एकाच वेळी पास होण्याची शक्यता ०.९९९ चा १०००वा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. दर तीन रनमधले जवळजवळ दोन लाल. गूगलने २०१६ साली स्वतःबद्दल सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा आहे, आणि पास होणारी टेस्ट अचानक फेल झाल्याच्या प्रसंगांपैकी ८४ टक्क्यांत लहरी टेस्ट गुंतलेली होती. पगारी माणसांची फौज असलेल्या कंपनीची ही गत असेल, तर संध्याकाळी नोकरीवरून येऊन पॅच तपासणाऱ्या मेंटेनरची (प्रकल्प सांभाळणाऱ्याची) काय होत असेल!

खरं नुकसान मात्र वेळेचं नाही. लाल रंग बघून "अरे, ती नेहमीचीच" म्हणायची सवय लागते, आणि मग एक दिवस खरा बग त्याच दारातून आत येतो. म्हणून अपयश आलं की टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारे जे प्लगइन मिळतात, ते मी तापावरच्या गोळीइतकेच वापरतो. ताप उतरतो, आजार तिथेच राहतो.

लहरी टेस्टच्या मुळाशी दोनच शक्यता असतात: एक तर टेस्ट खोटं बोलते आहे, नाहीतर कोड. कोण, हे ठरवल्याशिवाय एकही ओळ बदलू नका. खाली जे जे सांगितलं आहे ते सगळं हे ठरवण्यासाठीच आहे.

माझ्या लॅपटॉपवर ती पडतच नाही. पाडायची कशी?

आधी अपेक्षा रास्त ठेवा. शंभरात एकदा पडणारी टेस्ट वीस वेळा चालवून "माझ्याकडे ठीक आहे" म्हणण्याला अर्थ नाही. ती एकदा तरी पडेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर साधारण ३०० वेळा चालवावी लागते. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्ट या साधनाचं पायटेस्ट-रिपीट नावाचं प्लगइन हे काम करतं. रात्री लावून झोपा.

तरीही पडत नसेल तर परिस्थिती सीआयसारखी करा. तिथे कोअर कमी असतात आणि मशीन दमलेलं असतं, म्हणून थ्रेडची (समांतर चालणाऱ्या कामांची) संख्या दोनवर आणा, शेजारी प्रोसेसर खाणारं काहीतरी चालू ठेवा. मग एकटी, फाइलबरोबर आणि संपूर्ण संचाबरोबर अशी तीन प्रकारे चालवून बघा. एकटी पास आणि घोळक्यात फेल, म्हणजे आधीच्या कुठल्यातरी टेस्टने घाण मागे ठेवली आहे: प्रिंट ऑप्शन बदलले, नमपायची एरर-सेटिंग बदलली, आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या जागतिक सेटिंगमध्ये हात घातला आणि परत जागेवर ठेवलं नाही. याच्या उलट, घोळक्यात पास आणि एकटी फेल, म्हणजे ती दुसऱ्या टेस्टच्या उष्ट्यावर जगते आहे. पायटेस्ट-रँडमली टेस्टचा क्रम पिसून देतं आणि कुठल्या सीडने (यादृच्छिक क्रम ज्या आकड्यापासून सुरू होतो त्याने) पिसला ते सुरुवातीलाच छापतं. तोच सीड दिला की तोच क्रम परत मिळतो. मग संच अर्धा-अर्धा करत गेलं की गुन्हेगार जोडी सापडते.

आणि एक. स्ट्रिंगचा सेट घेऊन त्याच्या क्रमावर भरवसा ठेवलेला कोड प्रत्येक रनमध्ये वेगळा वागू शकतो, कारण पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचं हॅशिंग (सेटमधला क्रम ज्यावर ठरतो ते) मुद्दाम यादृच्छिक केलेलं आहे. डिक्शनरीचा क्रम ३.७ पासून हमखास टिकतो, सेटचा नाही. हॅश-सीडचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ०, १, २ असा बदलत चालवून बघितलं की हा प्रकार पाच मिनिटांत उघडा पडतो.

उत्तरं शेवटच्या दोन-तीन आकड्यांत वेगळी येतात. संगणकाला साधी बेरीज येत नाही का?

येते, पण ती आपली बेरीज नसते. ०.१ + ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ मिळेल. हे सगळ्यांनी कधीतरी पाहिलेलं असतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट बरेच जण विसरतात: या बेरजेत कंसांची जागा बदलली की उत्तर बदलतं. १० चा १६वा घात घ्या. त्यात १ मिळवा आणि मग तोच आकडा वजा करा; उत्तर ०. आधी वजाबाकी करून नंतर १ मिळवा, उत्तर १. शाळेत शिकलेला साहचर्य नियम इथे लागू नाही.

आता दहा लाख आकड्यांची बेरीज दोन थ्रेडमध्ये वाटली काय आणि आठ थ्रेडमध्ये वाटली काय, कंस वेगळ्या जागी पडतात. प्रोसेसर एका सूचनेत चार आकडे उचलतो की आठ, त्यावरही ते ठरतं. गुणाकार आणि बेरीज एकाच दमात करणारी सूचना मधली एक राउंडिंगची पायरी गाळते, तिथे आणखी फरक. नमपाय मॅट्रिक्सचा गुणाकार स्वतः करत नाही, ते काम ओपनब्लास, एमकेएल किंवा मॅकवर ॲक्सिलरेट अशा ब्लास (मॅट्रिक्सची गणितं करणाऱ्या) लायब्ररीकडे सोपवतं, आणि या लायब्ररी चालू असताना प्रोसेसर ओळखून त्याला साजेसा कोड निवडतात. सीआय सेवेने आज तुम्हाला जुनं मशीन दिलं आणि उद्या नवं, तर तुमच्या बाजूने काहीही न बदलता शेवटचे आकडे बदलतात. लहरी दिसणाऱ्या कितीतरी टेस्ट खरं तर "आज कुठलं मशीन वाट्याला आलं" याच्या टेस्ट असतात.

म्हणून इश्यू (प्रकल्पाकडची तक्रार) नोंदवताना प्रोसेसर, ब्लास लायब्ररी आणि थ्रेडची संख्या लिहाच. नमपायचं शो-रनटाइम आणि सायकिट-लर्नचं शो-व्हर्जन्स ही माहिती आयती छापून देतात. नमपायमध्ये विशिष्ट प्रोसेसर-सुविधा बंद करायचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. ताज्या प्रोसेसरवरच पडणारी टेस्ट पकडायला त्यासारखं हत्यार नाही.

जुन्या ३२-बिट इंटेल मशीनवर तर आणखी गंमत होती. गणितं ८० बिटांत व्हायची आणि मेमरीत ठेवताना ६४ बिटांवर यायची. त्यामुळे बग शोधायला मध्ये एक प्रिंटची ओळ घातली की आकडा मेमरीत जायचा, राउंड व्हायचा, आणि बग गायब! जीसीसी या कंपायलरच्या बग-यादीत ३२३ क्रमांकाची नोंद २००० सालापासून याच कारणाने प्रसिद्ध आहे.

मग टॉलरन्स (उत्तरात चालवून घ्यायचा फरक) किती ठेवायचा? मी हिरवं होईपर्यंत त्यातलं एकेक शून्य कमी करत जातो.

ते मीही केलं आहे. करू नका.

आधी हातातल्या फंक्शनचे डीफॉल्ट माहीत करून घ्या, कारण ते एकसारखे नाहीत. नमपायच्या टेस्टिंग विभागातलं असर्ट-ऑलक्लोज सापेक्ष टॉलरन्स १० चा उणे ७वा घात धरतं आणि निरपेक्ष टॉलरन्स शून्य. त्याच नमपायचं साधं ऑलक्लोज सापेक्ष उणे ५वा आणि निरपेक्ष उणे ८वा घात धरतं. पायटेस्टचं अप्रॉक्स सापेक्ष उणे ६वा, निरपेक्ष उणे १२वा. यातला पहिला प्रकार सगळ्यात जास्त माणसांना ठेच लावतो: अपेक्षित उत्तर शून्य असेल, तर सापेक्ष टॉलरन्स कितीही वाढवा, शून्याचे कितीही टक्के शून्यच. १० चा उणे १७वा घात आला तरी टेस्ट पडणार. तिथे निरपेक्ष टॉलरन्स द्यावाच लागतो, आणि तो तुमच्या डेटाच्या आकारमानाला धरून द्यावा लागतो. मीटरमध्ये मोजलेल्या ताऱ्यांच्या अंतरांना आणि मीटरमध्येच मोजलेल्या रेणूंच्या अंतरांना एकच निरपेक्ष टॉलरन्स कसा चालेल?

दुसरी ठेच म्हणजे अर्ग्युमेंटचा क्रम. सापेक्ष टॉलरन्स अपेक्षित किमतीवर मोजला जातो, मिळालेल्या किमतीवर नाही. उलटसुलट दिलंत तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही, आणि नेमकं नको तेव्हा बिघडतं.

आता आकडा कसा ठरवायचा. डबल प्रिसिजनमध्ये साधारण १६ दशांश आकडे हाताशी असतात. त्यातले किती खर्च होतील हे गणितावर ठरतं. १० बाय १० ची हिल्बर्ट मॅट्रिक्स घ्या; तिचा कंडिशन नंबर (चूक किती पटींनी फुगू शकते ते सांगणारा आकडा) सुमारे १.६ गुणिले १० चा १३वा घात आहे. म्हणजे तिच्यावर समीकरणं सोडवलीत तर १६ पैकी १३ आकडे गेलेच समजा. तिथे उणे ७व्या घाताचा टॉलरन्स मागणं म्हणजे वाण्याच्या तराजूवर सोन्याचा रवा तोलणं. उलट, सुस्थितीतल्या मॅट्रिक्सवर टॉलरन्स उणे ३ पर्यंत ढिला करावा लागत असेल, तर टेस्ट खोटं बोलत नाहीये. कोड कुठेतरी फ्लोट-३२ मध्ये उतरतो आहे का ते तपासा. तिथे सातच आकडे हाताशी असतात, आणि एखाद्या चुकलेल्या कास्टमुळे हे घडलेलं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे. टॉलरन्स वाढवून ते झाकता आलं असतं, आणि काही महिने झाकलं गेलंही होतं.

शक्य तिथे आकड्यांऐवजी गुणधर्म तपासा. एसव्हीडी (मॅट्रिक्सचे भाग पाडायची एक रीत) किंवा आयगेनव्हेक्टरची चिन्हं कुठल्याही बाजूला जाऊ शकतात, दोन्ही उत्तरं बरोबरच असतात. व्हेक्टरची किंमत तपासणारी टेस्ट नव्या ब्लासवर कधी ना कधी पडणारच. भाग परत गुणून मूळ मॅट्रिक्स मिळते का, स्तंभ एकमेकांना लंब आहेत का, हे विचारा. सायकिट-लर्नने तर चिन्ह ठरवून टाकणारं वेगळं फंक्शनच ठेवलं आहे.

रँडम सीड पक्का केला की प्रश्न मिटला ना?

लहरीपणा मिटला. प्रश्न मिटला की नाही ते सांगता येत नाही.

समजा, टेस्ट म्हणते की नमुन्याचं सरासरी मूल्य अपेक्षेशी जुळतं की नाही हे ०.०५ च्या सार्थकता-पातळीवर तपासा. कोड निर्दोष असला तरी ही टेस्ट वीसात एकदा पडायलाच हवी, तशीच ती रचली आहे. वीस वेगळ्या सीडवर चालवलीत तर निदान एकदा पडण्याची शक्यता ६४ टक्के. कुणीतरी वैतागून सीड ४२ केला आणि सगळं शांत झालं. आता दुसरा प्रसंग घ्या: अल्गोरिदम वीसातल्या एका इनपुटवर खरोखरच चुकतो. कुणीतरी वैतागून सीड ४२ केला आणि सगळं शांत झालं. बाहेरून दोन्ही टेस्ट एकसारख्या दिसतात.

सायकिट-लर्नने यावर काढलेली तोड मला फार आवडते. त्यांच्याकडे टेस्टला जागतिक सीड पुरवणारं एक फिक्स्चर आहे. एरवी ते ४२ देतं, म्हणजे रोजच्या पॅचवर लहरीपणा नाही. पण एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदललं की ० ते ९९ पैकी कुठलाही एक, किंवा सगळे शंभर सीड वापरता येतात. नवी टेस्ट लिहिणाऱ्याने ती शंभरही सीडवर पास करून दाखवायची. पडली, तर बसून विचार करायचा की टॉलरन्स अवास्तव आहे की अल्गोरिदम नाजूक.

सीड कुठे लावता याचंही बघा. नमपायचा जुना जागतिक सीड सगळ्या टेस्टमध्ये सामायिक असतो. मध्ये कुणी एक जादा आकडा उचलला की पुढच्या सगळ्यांचं नशीब बदलतं. २०१९ च्या नमपाय १.१७ पासून स्वतंत्र जनरेटर मिळतो, तो प्रत्येक टेस्टमध्ये नवा बनवा. फक्त एवढं लक्षात असू द्या की नव्या जनरेटरचे आकडे नमपायच्या पुढच्या आवृत्तीतही तेच राहतील, असं आश्वासन नमपायने दिलेलं नाही. जुन्या रँडम-स्टेटची मालिका गोठवलेली आहे, नव्याची नाही. त्यामुळे "सीड १२३ ला पहिला आकडा हाच यायला हवा" असं टेस्टमध्ये कोरून ठेवू नका.

लिनक्सवर पास, मॅक किंवा विंडोजवर फेल. सुरुवात कुठून करू?

फाइलींच्या क्रमापासून. हसू नका, यावरून रसायनशास्त्रात मोठा गोंधळ झालेला आहे.

२०१४ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंच्या एनएमआर केमिकल शिफ्टची (रेणूची रचना ओळखायला वापरतात त्या आकड्यांची) गणितं करणाऱ्या पायथन स्क्रिप्ट प्रसिद्ध केल्या. अनेक प्रयोगशाळांनी त्या वापरल्या. २०१९ साली हवाई विद्यापीठात कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच डेटावर, त्याच स्क्रिप्टने, विंडोज १० आणि मॅक मॅव्हरिक्सवर १७३.२ येतं, मॅक मोहावेवर १७२.७ आणि उबुंटूवर १७२.४. कारण ग्लॉब. हे फंक्शन फाइलींची यादी देतं, पण क्रमाची हमी देत नाही; फाइल सिस्टिमला सुचेल त्या क्रमाने नावं येतात. फाइली क्रमाने जोडीला जोडी लागूनच येतील, असं स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं. उपाय म्हणजे यादीभोवती सॉर्टेड गुंडाळायचं. एका शब्दाचा पॅच, आणि संशयाच्या फेऱ्यात शंभराहून अधिक शोधनिबंध.

त्या स्क्रिप्टला दोन प्लॅटफॉर्मवर चालणारी एक टेस्ट असती, तर ती "लहरी" म्हणून बदनाम झाली असती. मी कुठलीही प्लॅटफॉर्मनुसार पडणारी टेस्ट स्किप करण्याआधी ही गोष्ट आठवतो.

फाइलींनंतर सॉर्टिंगकडे बघा. नमपायचं डीफॉल्ट सॉर्ट समान किमतींचा मूळ क्रम राखत नाही. २०२३ च्या नमपाय १.२५ मध्ये नव्या प्रोसेसरसाठी अधिक वेगवान सॉर्ट आणि आर्गसॉर्ट आलं. तेव्हापासून समान किमतींचा क्रम प्रोसेसरनुसार वेगळा लागू शकतो. क्रम महत्त्वाचा असेल तर स्टेबल प्रकार मागा. त्यानंतर इंटिजर: विंडोजवर नमपायचा डीफॉल्ट पूर्णांक नमपाय २.० येईपर्यंत, म्हणजे जून २०२४ पर्यंत, ३२ बिटांचा होता, आणि २१४ कोटींच्या पुढे गेला की मुकाट्याने उलटा फिरायचा. लाँग डबलचं तर विचारूच नका. इंटेल लिनक्सवर ८० बिट, विंडोजवर ६४, एआरएम लिनक्सवर १२८.

रात्रीत तुटली. कुणी काहीच बदललं नव्हतं.

घड्याळ बदललं होतं.

याचं सुंदर उदाहरण खगोलशास्त्रात आहे. पृथ्वी नेमक्या एकाच वेगाने फिरत नाही, त्यामुळे आकाशातल्या जागा काटेकोर काढायच्या तर पृथ्वीच्या फिरण्याची ताजी मोजमापं लागतात. आयईआरएस ही संस्था ती प्रसिद्ध करते आणि ॲस्ट्रोपाय ती उतरवून घेतं. पुढच्या काही महिन्यांचे अंदाज त्यात असतात, पण ते शिळे होतात. ॲस्ट्रोपाय एरवी ३० दिवसांहून जुन्या अंदाजांवर समाधान मानत नाही. लीप सेकंदाच्या (घड्याळात अधूनमधून मिळवलेल्या जादा सेकंदाच्या) यादीलाही मुदत असते. टेस्टमध्ये "आत्ता" ही वेळ वापरली आणि नेटवर्क बंद ठेवलं, की ती टेस्ट एका ठरलेल्या दिवशी पडायची ठरलेलीच. टेस्टमध्ये आजची तारीख वापरू नका, ठरावीक तारीख द्या, आणि डेटाची जुनी प्रत टेस्टबरोबर ठेवा.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणांचं छापलेलं उत्तर तपासणाऱ्या डॉकटेस्ट. नमपाय १.१४ ने ॲरे छापायची पद्धत बदलली, २.० ने एकेकट्या आकड्यांचीही, आणि दोन्ही वेळा जगभरच्या डॉकटेस्ट कोसळल्या. यातली एकही चूक गणिताची नव्हती. छापील रूप तपासायचं नसेल तर ते तपासू नका, आणि डिपेन्डन्सींच्या नाइटली (प्रकाशनाआधी रोज रात्री बनणाऱ्या) आवृत्त्यांवर आठवड्यातून एकदा संच चालवा, म्हणजे प्रकाशनाच्या दिवशी धावाधाव होत नाही.

सीआयवर पास होते, पण मी पुण्यात बसून चालवली की पडते. असं कसं?

अगदी असंच होतं, कारण सीआय मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. साडेपाचमधला "साडे" बऱ्याच कोडला माहीतच नसतो; ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) पूर्ण तासांत असतो असं धरून केलेला भागाकार इथेच उघडा पडतो. शिवाय पहाटे साडेपाचच्या आत टेस्ट चालवलीत तर यूटीसीमध्ये अजून कालचीच तारीख असते. रात्री जागून काम करणाऱ्यांनाच हा बग सापडतो.

पायटीझेड हे टाइमझोनचं पॅकेज वापरणाऱ्या जुन्या कोडमध्ये आशिया-कोलकाता झोन सरळ डेटटाइमला चिकटवला, तर ऑफसेट ५:३० ऐवजी ५:५३ येतो. हे कोलकात्याचं जुनं स्थानिक वेळमान, झोनच्या इतिहासातली पहिली नोंद. (आपली मुंबई वेळ यूटीसीच्या ४:५१ पुढे होती आणि १९५५ पर्यंत टिकली, पण तिला डेटाबेसमध्ये वेगळा झोन नाही.) पायथन ३.९ पासून झोनइन्फो आहे, ते वापरा.

आणखी एक आपलाच मुद्दा: पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला "अंक" देवनागरी अंकांनाही जुळतो, आणि पूर्णांकात रूपांतर करणारं फंक्शन "१२" हे बारा म्हणून बिनतक्रार स्वीकारतं. सी-मध्ये लिहिलेला पुढचा पार्सर स्वीकारेलच असं नाही. इनपुट तपासणाऱ्या टेस्टमध्ये देवनागरी आकड्यांची एक ओळ घालून बघा, आणि स्पेस असलेल्या किंवा मराठी नावाच्या फोल्डरमधून एकदा संच चालवा. अशा बगांची तक्रार आपण केली नाही तर कोण करणार?

डेटा उतरवणाऱ्या टेस्ट?

डीफॉल्टमध्ये नकोत. लहानसा नमुना रेपॉझिटरीत ठेवा. खरा डेटा हवाच असेल तर चेकसम (फाइल बदललेली नाही ना ते पडताळणारा आकडा) तपासून कॅशमध्ये ठेवा आणि त्या टेस्टना वेगळं मार्कर द्या, म्हणजे ज्याला हव्यात तो चालवेल. तालुक्याच्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संच चालवून बघितलात, तर कुठल्या टेस्ट चोरून नेटवर्क वापरतात ते न विचारता कळतं.

"दोन सेकंद थांब आणि मग बघ" अशी टेस्ट आहे. पाच सेकंद करू?

नको. घटना घडली का हे विचारत राहा आणि वर एक मोठी मुदत ठेवा. कोड "एका सेकंदात संपलाच पाहिजे" असं तपासणाऱ्या टेस्ट बेंचमार्कमध्ये (वेग मोजणाऱ्या वेगळ्या संचात) हलवा. सामायिक मशीनवर त्या कधीच खऱ्या ठरत नाहीत. संच समांतर चालवत असाल तर आणखी एक सापळा आहे: आठ वर्कर, प्रत्येकात ब्लासचे आठ थ्रेड, आणि मशीनला कोअर चारच. सगळे एकमेकांच्या पायात येतात आणि टाइमआउट होतो. ब्लासचे थ्रेड एकवर आणा.

आलेखाच्या चित्रांची तुलना करणाऱ्या टेस्ट?

अक्षरं काढून टाका. बहुतेक वेळा फरक फॉन्ट रंगवण्यात असतो. मॅटप्लॉटलिबने याच कारणासाठी फ्रीटाइप या फॉन्ट रंगवणाऱ्या लायब्ररीची २.६.१ ही जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं टेस्टसाठी बरोबर बाळगली, आणि मजकूर गाळून तुलना करायची सोयही ठेवली.

दुरुस्त करायला वेळ नाही. स्किप करू का?

स्किपपेक्षा एक्सफेल ("ही पडणार हे माहीत आहे" अशी खूण) बरं, कारण टेस्ट चालत राहते. नेहमीच पडणारी असेल तर स्ट्रिक्ट एक्सफेल लावा. कुणी नकळत ती दुरुस्त केली तर लगेच कळतं. खऱ्याखुऱ्या लहरी टेस्टला स्ट्रिक्ट लावता येत नाही, ती पास झाल्यावरही बोंब मारेल. काहीही लावा, शेजारी इश्यूचा क्रमांक लिहा. "तात्पुरतं बंद" अशी नुसती कॉमेंट असलेली, लिहिणारा प्रकल्प सोडून गेलेला आणि बंद केलेलं वैशिष्ट्य केव्हाच मोडून पडलेलं, अशी स्किप प्रत्येक जुन्या प्रकल्पात सापडते.

आणि काही टेस्ट खुशाल काढून टाकाव्यात. काय तपासते हे तिघांना विचारूनही कळत नसेल, तर ती टेस्ट नाही, ओझं आहे.

मेंटेनरला पटेल असा पॅच कसा लिहू?

वर्णनात तीन गोष्टी हव्यात: आधी किती वेळा पडत होती, का पडत होती, आणि आता किती वेळा चालवून एकदाही पडली नाही. "टॉलरन्स वाढवला" एवढ्यावर भागवलेला पॅच मी परत पाठवतो, मग तो बरोबर असला तरी. आकडा कुठून आणला तेवढं लिहा, एक ओळ पुरते.

त्यानंतर एक काम जवळजवळ कुणीच करत नाही. दुरुस्त केलेली टेस्ट घ्या आणि आता कोड मुद्दाम मोडा: एक चिन्ह उलटं करा, लूपची शेवटची फेरी गाळा. टेस्ट पडली पाहिजे. पडली नाही, तर तुम्ही लहरी टेस्ट दुरुस्त केलेली नाही, तिला भूल दिली आहे. हा प्रयोग करून पाहिल्याचं वर्णनात लिहिलंत, तर अनोळखी माणसाचा पॅचही भराभर पुढे सरकतो.

मी नवखा आहे, गणितात फार गती नाही. हे माझं काम आहे का?

नवीन वैशिष्ट्य घालण्यापेक्षा इथे शिरणं सोपं आहे, असं माझं मत. परवानगीची चर्चा लांबत नाही, पॅच छोटा असतो, आणि कोडचा तो कोपरा तुम्हाला मेंटेनरइतका कळू लागतो. लागते ती चिकाटी. जवळपास माणसं हवी असतील तर पवईचं आयआयटी बघा: ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा फॉसी प्रकल्प तिथलाच, आणि मायावी हे त्रिमितीय आलेखांचं पॅकेज लिहिणारे प्रभू रामचंद्रन तिथेच एरोस्पेस विभागात शिकवतात. पण बहुतेक शिकणं शेवटी इश्यूंच्या यादीतच होतं.

सगळं केलं, पण पॅच तीन आठवडे तसाच पडून आहे. आठवण करू का?

करा, एकदा, दोन ओळींत. त्याआधी मुख्य शाखेवर रीबेस करून घ्या, म्हणजे तुमचा बदल तिच्या ताज्या रूपावर बसवा. कधीकधी तीच टेस्ट कालच दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केलेली असते, तेही सीड ४२ करून. तसं असेल तर तुमचा पॅच बंद करू नका. त्याखाली शंभर सीडचे निकाल चिकटवा.